शेवटच्या ओळीत तुझं नाव: शाळेतल्या मुलांकडून अभंग कसा रचून घ्यावा

माझ्या वर्गात अभंग रचायला बसलं की सुरुवातीला काही शब्दांना बंदी असते. भक्ती, कृपा, आत्मा, चरण, भवसागर, परमेश्वर. मुलं बावचळतात. "बाई, मग अभंगात लिहायचं काय?" असं कुणीतरी विचारतंच. तो प्रश्न आला की समजायचं, काम सुरू झालं.

मी फलटण भागात शाळेत गाणं शिकवते आणि संध्याकाळी घरी पेटीचे क्लास घेते. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना मुलं बसवते. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशी पायरी पायरीने ती चढतात आणि दुसऱ्यांच्या बंदिशी गळ्यावर चढवतात. ते हवंच. पण विशारदला पोचलेल्या मुलीनेही स्वतःची एक ओळ कधी बांधलेली नसते, आणि ती गाते त्या बंदिशींमध्ये मात्र रचणाऱ्याची सही असते: सदारंग, प्रेमपिया, सबरंग. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या सह्या गायच्या आणि आपली कधी करायचीच नाही, हे मला खटकतं.

इतर शाळांतले शिक्षक मला विचारतात, संगीताच्या तासाला मुलांना अध्यात्म कसं द्यायचं. माझं मत असं की ते देता येत नाही आणि द्यायला जाऊही नये. अक्षरं मोजायला देता येतात, ठेका देता येतो, गप्प बसायला थोडी जागा देता येते. बाकीचं मुलाचं मूल बघून घेतं. म्हणून पुढे जे लिहिलंय त्यात अध्यात्मापेक्षा अक्षरमोजणीच जास्त सापडेल.

कधी सुरू करायचं

आषाढात. माउलींची पालखी फलटणचा मुक्काम उरकून बरडकडे गेली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मी सुरुवात करते. तेव्हा मुलांच्या कानात टाळ अजून वाजत असतात. कुणी दिंडीला पाणी वाटलेलं असतं, कुणाच्या अंगणात वारकरी झोपलेले असतात. तुमचं गाव पालखीच्या वाटेवर नसेल तर गावातलं भजनी मंडळ गाठा आणि एका संध्याकाळी मुलांना तिथे नुसतं बसवा. समजावून काही सांगू नका. कानात चाल आणि ठेका आधी मुरलेला असला म्हणजे फळ्यावरचं गणित जड जात नाही.

सातवी ते नववी ही वयं मला बरी वाटतात. त्याहून लहानांसाठी छोटा अभंग आहेच, तो पुढे सांगते.

अक्षरं

मोठ्या अभंगाचा साचा एका कडव्यात चार चरणांचा. पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, एकूण बावीस. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं, पहिला आणि चौथा मोकळे. सगळ्यांना पाठ असलेला तुकोबांचा अभंग फळ्यावर लिहून मुलांनाच मोजायला लावा:

सुंदर ते ध्यान | उभे विटेवरी | कर कटावरी | ठेवोनिया

बोटांवर मोजतात, सहा-सहा-सहा-चार निघतं, आणि विटेवरी-कटावरी कुणीतरी ओरडून सांगतं. मग त्यांना सांगा की हा हिशेब नवा नाही. नामदेवांच्या नावावर एक अभंग आहे, त्याचा विषयच मुळी अभंगाची मोजणी हा आहे. पहिल्यापासून तिसऱ्या चरणापर्यंत अठरा अक्षरं आणि शेवटचं बाविसावं, असं त्यात सांगितलंय. अभंगात गणित आहे हे कळल्यावर आमच्याकडची गणितवाली पोरं अचानक गाण्याच्या तासाला पुढच्या ओळीत येऊन बसतात.

मोजायचे नियम थोडेच. जोडाक्षर एकच धरायचं. अनुस्वाराचं वेगळं अक्षर होत नाही. ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही, ते वृत्तांना लागतं. संतांच्या अभंगांतही कुठे एखादं अक्षर कमी-जास्त सापडतं आणि गाताना सामावून जातं, पण ही सूट मुलांना पहिल्या आठवड्यात सांगू नका, नाहीतर सगळेच सवलतीत बसतील.

पाचवी-सहावीच्या मुलांना छोटा अभंग द्या: आठ अक्षरांचे दोन चरण, शेवटी यमक. "जे का रंजले गांजले | त्यासी म्हणे जो आपुले" हा नमुना त्यांच्या प्रार्थनेतलाच असतो. पाचवीतल्या एकाने केलेली ओळ मला फार आवडते:

आजी फुलपात्र घासे | त्यात तिचं तोंड दिसे

त्याला कुणी प्रतिमा वगैरे शिकवली नव्हती. त्याने आजीकडे बघितलं होतं आणि आठ अक्षरं मोजली होती, एवढंच.

बंदी कशासाठी

पहिल्या दिवशी बंदी न घालता लिहायला सांगून बघा. नव्वद टक्के वह्यांत हे असेल:

देवा तुझी कृपा | अपार अपार | तूच तारणार | जगताचा

मोजा. बावीस भरतात, यमकही चोख. चूक काढायला जागा नाही, आणि हे कुणीही लिहिलेलं असू शकतं. मी या ओळींना वाईट म्हणत नाही. वहीवर छान असा शेराही देते, कारण साचा हाताला बसला ही कमाई आहे. मग बंदीची यादी फळ्यावर लिहिते आणि विषय म्हणून प्रश्न देते. काल रात्री तुमच्या घरी सगळ्यात शेवटी कोण झोपलं? घरातलं कोणतं भांडं कुणाला उसनं देत नाहीत? आई एकटी असताना काय गुणगुणते? कोणत्या आवाजाने तुम्हाला झोपेतून जाग येते?

कुणी म्हणेल, हे काय अभंगाचे विषय झाले? तेव्हा संतांची उदाहरणं द्या. सावता माळ्यांनी कांदा, मुळा, भाजी अभंगात आणली. सेना न्हाव्यांनी आरसा आणि चिमटा आणला. नरहरी सोनारांनी सोनारकाम, गोरोबांनी माती, जनाबाईंनी जातं आणि दळण. प्रत्येकाने आपापल्या हाताखालची वस्तू घेतली. आपल्या मुलांच्या हाताखाली पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर आहे, दुधाचं कॅन आहे, कांद्याची गोणी आहे. ती घेऊ द्या.

लिहायला बसवतानाही हात रिकामे ठेवू नका असा माझा अनुभव सांगतो. कोरा कागद आणि पेन समोर आलं की मुलं निबंध लिहू लागतात. मी शेंगा फोडायला देते. ओळ सुचली की मोठ्याने म्हणायची, शेजारच्याने अक्षरं मोजायची, जमली तरच कागदावर. आपल्याकडच्या बायकांनी जात्यावर ओव्या अशाच केल्या, दोन्ही हात खुंट्यावर असताना. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या संशोधकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून गोळा केलेल्या अशा ओव्या एक लाखाच्या वर भरल्या. बहिणाबाई चौधरींना तर लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या कामात असताना म्हणत आणि मुलगा सोपानदेव, घरातली मंडळी टिपून घेत. म्हणून माझ्या वर्गात लेखनिक वेगळा आणि रचणारा वेगळा. ज्या मुलांचं शुद्धलेखन कच्चं आहे ती यात बेधडक पुढे येतात. त्यासाठीच तर हा खटाटोप.

एक अभंग कसा तयार झाला

आठवीतल्या एका मुलीचा अभंग तिच्या आणि तिच्या घरच्यांच्या परवानगीने इथे देते. 'देवा तुझी कृपा'ची एक आवृत्ती तिचीही होती. शेवटी कोण झोपलं या प्रश्नावर ती म्हणाली, पप्पा, कारण त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्री होती, म्हणजे उसाला पाणी रात्रीच द्यायचं.

पहिली ओळ तिने 'लाइट आली शेती' अशी केली. मोजल्यावर सात. 'लाइट'ची अक्षरं दोन की तीन यावर वर्गात बरीच हुज्जत झाली, अखेर तीन ठरली, आणि तिने 'वीज' घातली. पुढचा चरण 'बॅटरी... हाती' असा अर्धा राहिला. मधे एक अक्षर हवं होतं. 'ती' घाल, 'ही' घाल असं सगळे सुचवत होते. मी एवढंच विचारलं की पप्पा बॅटरी हातातच धरतात का, का गळ्यात अडकवतात? तिला सांगता येईना. ती घरी जाऊन विचारून आली. हातात धरतात, कारण दुसऱ्या हातात खोरं असतं. आणि जाता जाता वडिलांनी तिला आणखी एक सांगितलं होतं. उसातून जाताना ते मोठमोठ्याने गाणी म्हणतात, कारण गप्प चाललं की भीती वाटते. साप असतो, काय काय असतं.

आपला बाप भितो हे तिला तोवर माहीत नव्हतं.

बारा वाजताच | वीज आली शेती | बॅटरी घे हाती | बाप माझा

ऊस डोक्यावर | पायाखाली पाणी | ओठांवर गाणी | भीतीपोटी

लेक म्हणे माझे | कान दारापाशी | जाग ही उशाशी | ठेविली मी

दुसऱ्या कडव्याचा चौथा चरण तिने आधी 'आनंदाची' केला होता. गाणी आनंदाची, अगदी सोपं पडतं. मग स्वतःच खोडला. मी तेव्हा दुसऱ्या बाकाजवळ उभी होते आणि काहीही बोलले नाही. तुम्हीही बोलू नका. मूल आपणहून एखादा खोटा शब्द खोडत असतं तेव्हा शिक्षकाने कौतुकसुद्धा करू नये. कौतुक ऐकलं की पुढचा शब्द ते आपल्यासाठी शोधायला लागतं.

माझ्या लेखी या सगळ्या उद्योगातलं अध्यात्म म्हणाल तर ते 'घे' या एका अक्षरापाशी होतं. ते शोधायला ती बापापाशी जाऊन बसली.

नाममुद्रा

शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव यायला हवं. तुका म्हणे, नामा म्हणे, चोखा म्हणे, बहिणी म्हणे. ही अट मी कुणालाही माफ करत नाही. देवाचं नाव नसलं तरी चालेल, स्वतःचं हवं. गंमत बघा, तोवर मोकळेपणाने रचणारी मुलं इथे येऊन अडतात. आपण असं म्हणतो, असं आपल्याच नावाने म्हणायचं म्हणजे मग ते खरं असायला लागतं. कित्येक मुलं या टप्प्यावर मागे जाऊन पहिलं कडवं बदलतात. बदलू द्या, आठवडा गेला तरी जाऊ द्या.

ज्यांना नाव घालायला लाज वाटते त्यांना नातं घालायची सोय आहे, आणि तीही परंपरेतलीच: जनाबाई 'नामयाची दासी' म्हणतात, सोयराबाई स्वतःला चोख्याची म्हणवतात. वरच्या मुलीने 'लेक' घेतलं ते असं.

देव न मानणाऱ्यांचं, वेगळा देव असणाऱ्यांचं

वर्गात सगळ्या घरांतली मुलं असतात, आणि अभंग म्हटलं की काही पालकांच्या कपाळावर आठी येते. त्यांना बोलावून शांतपणे सांगावं लागतं. श्रीगोंद्याचे शेख महंमद अभंग रचत होते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तावर अभंग आणि भजनं केली. त्याच्या कितीतरी आधी गोव्यात फादर स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराण ओवीत लिहिलं, ते 1616 साली छापलं गेलं. साचा कुणा एकाच्या मालकीचा नाही. आमच्याकडच्या बौद्ध घरांतल्या मुलांच्या कानात वामनदादा कर्डकांची गाणी असतात. त्यांचा ठेका आणि शब्दफेक इतकी पक्की असते की मोजणीत ती इतरांच्या पुढे जातात. त्यातल्या एकाने आजोबांच्या चष्म्यावर अभंग केला. देव हा शब्द त्यात कुठेच नव्हता आणि कुणाला तो शोधावासाही वाटला नाही.

चाल

चाल लावताना पेटी झाकून ठेवा. पेटी उघडली की बोटं ओळखीच्या सिनेमातल्या गाण्याकडे धावतात, माझीसुद्धा. आधी ओळ नुसती बोलायला लावा, जशी घरी बोलली असती तशी. 'बाप माझा' बोलताना आवाज खाली येतो की वर जातो? तोच चढ-उतार सुरांत धरायचा. मग टाळ घ्या, भजनी ठेक्याच्या आठ मात्रा धरा आणि बोलत बोलत गुणगुणू द्या. पखवाज असेल तर उत्तम, नसेल तर तबला, तोही नसेल तर बाक आहेतच.

प्रत्येक चरणाला एक आवर्तन, म्हणजे ठेक्याची एक पूर्ण फेरी, दिली की गणित पुन्हा कामी येतं. सहा अक्षरं आठ मात्रांत बसवली की दोन मात्रा उरतात. त्या कोणत्या अक्षरावर ओढायच्या ते मुलांनी ठरवायचं. 'ऊस डोक्यावर' म्हणताना 'ऊ' ओढला की उसाची उंची ऐकू येते, 'र' ओढला की नुसती शेपूट लांबते. दोन्ही गाऊन बघू द्या, कान निवडतो. चौथ्या चरणात अक्षरं चारच, म्हणजे अर्धं आवर्तन मोकळं. नवशिके तिथे घाबरून ताना भरतात. भरू देऊ नका. तेवढ्या चार मात्रांत फक्त टाळ वाजू दे. 'भीतीपोटी' म्हटल्यावर काही क्षण कुणीच काही म्हणत नाही, यात त्या कडव्याचा सगळा जीव आहे.

सूर पाचच द्या. भूप किंवा दुर्गा राग, दोन्हीत पाच-पाच सूर आहेत आणि शाळकरी गळ्याला झेपतात. पट्टी, म्हणजे 'सा' धरायचा तो सूर, मुलींना साधारण पेटीची काळी चार. आवाज फुटायला आलेल्या मुलांना खालची लागते, त्यांना वरच्या सुरात ओढू नका. पाच सुरांत मन मावत नाही असं एखादी म्हणाली तर तिला सहावा सूर शोधू द्या. कोमल गंधार किंवा कोमल निषाद तिने स्वतः शोधून आणला तर त्या दिवशी हे सूर असलेल्या भीमपलास रागाचं नाव सांगायचं. आधी नाव आणि मग सूर, या क्रमाने राग शिकवायचा मला हल्ली कंटाळा आलाय.

मग ध्रुपद, म्हणजे पुन्हा पुन्हा म्हणायची ओळ, ठरवायचं. गाथेत बहुतेक अभंगांच्या दुसऱ्या कडव्यापुढे 'ध्रु.' छापलेलं असतं, पण आपल्याला हवी ती ओळ घेता येते. वर्गाला जी ओळ परत परत म्हणावीशी वाटेल ती. एकाने म्हणायचं, टाळकऱ्यांनी उचलायचं, पुन्हा एकाने. या मुलीचा अभंग झाला तेव्हा वर्गाने दुसरं कडवं उचललं. पंचवीस-तीस गळ्यांतून आपल्या बापाची भीती आपल्याकडेच परत आली तेव्हा ती गायची थांबली आणि नुसती टाळ वाजवत राहिली. अशा वेळी ठेका थांबवायचा नाही. थांबवला की सगळे तिच्याकडे बघतात. चालू ठेवला की ती आपोआप पुन्हा आत येते.

थोडं सांभाळून

घरात कुणी गेलेलं असतं, कुणाचे वडील पितात, कुणाच्या घरावर कर्ज असतं, आणि मुलं ते अभंगात आणतात. असा अभंग आला तर तो आधी त्या मुलाबरोबर एकांतात वाचा. वर्गात गायचा का, हे त्यानेच ठरवायचं. नको म्हणाला तर चाल लावून फक्त दोघांनी गायची, तेवढंही पुरतं. वाचून काळजी वाटली तर वर्गशिक्षकांच्या आणि घरातल्या जबाबदार माणसाच्या कानावर घाला. गाणं केलं म्हणजे दुःखावर इलाज झाला असं समजू नका.

गुण द्यावेच लागले तर अक्षरमोजणी, यमक आणि ताल यांना द्या. आशयाला गुण नकोत. ज्या वर्षी आशयाला गुण मिळतात असं मुलांना वाटतं त्या वर्षी प्रत्येक अभंगात आई मरते. स्पर्धा तर मुळीच ठेवू नका, मुख्याध्यापक कितीही मागे लागले तरी.

स्नेहसंमेलनात मात्र अभंग येऊ द्यायला माझी हरकत नसते. रचणाऱ्याने एकट्याने माइकपुढे उभं राहायचं नाही, सगळ्यांनी बसून म्हणायचं. निवेदकाला नावं जाहीर करू नको म्हणून आधीच बजावून ठेवा, कारण ती शेवटच्या कडव्यात येतातच. आणि टाळ वाजवणाऱ्यांना माइकपासून निदान चार हात लांब बसवा, नाहीतर शब्द कुणालाच ऐकू जात नाहीत.